सवलतीला उत्पन्न म्हणणारा कायदा

घराच्या किमतीत मिळालेली सूट हे घर घेणाऱ्याचे उत्पन्न होय काय? सामान्य माणसाला हा प्रश्नच विचित्र वाटेल. परंतु २०१३ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकर कायद्यात केलेल्या दुरुस्तीने त्याचे उत्तर 'होय' असे दिले. आणि १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यानेही ते कायम ठेवले आहे.

मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरविलेले मूल्य, म्हणजे आपल्याकडील रेडी रेकनरचे मूल्य, प्रत्यक्ष किमतीहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक भरले, तर सगळाच फरक खरेदीदाराचे उत्पन्न ठरतो. समजा, बदलापूरकडील एका न खपणाऱ्या इमारतीतील सदनिका बिल्डरने सूट देऊन ५२ लाखांना विकली आणि तिचे सरकारी मूल्य ६० लाख निघाले. निवृत्तीची पुंजी आणि कर्ज यांची जुळवाजुळव करून ती घेणाऱ्याच्या हाती एक पैसाही आलेला नसतो. मुद्रांक शुल्कही त्याने ६० लाखांवरच भरलेले असते. तरीही ८ लाख त्याचे उत्पन्न! सरसकट वीस टक्के दराने हिशेब केला, तर कर १,६०,००० रुपये, वर उपकर निराळा. शिवाय त्याच ८ लाखांवर बिल्डरचीही आकारणी होतेच.

काळ्या पैशाला आळा घालणे हा या तरतुदीचा उद्देश सांगितला जातो. त्या उद्देशाशी समाजवाद्यांचा वाद असण्याचे कारण नाही. परंतु जाळे कोणासाठी विणले आणि त्यात सापडतो कोण, हे पाहिले पाहिजे. जिथे बाजारभाव रेडी रेकनरच्या कितीतरी वर आहे, तिथे कागदावर सरकारी मूल्य लिहून उरलेली रक्कम रोखीने देणारा धनिक या कलमातून अलगद निसटतो. जिथे भाव खरोखरच पडले आहेत, तिथे खरी किंमत लिहिणारा प्रामाणिक माणूस मात्र अडकतो. मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी त्याला करता येते. पण आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची यातायात त्याच्याच माथी येते.

ही तरतूद शिथिल करता येतच नाही, असेही नाही. पाच टक्क्यांची मोकळीक २०१८ मध्ये आली, २०२० मध्ये ती दहा टक्के झाली. बिल्डरांच्या सदनिका विक्रीवाचून पडून राहिल्या, तेव्हा १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१ या काळात दोन कोटींपर्यंतच्या नव्या घरांसाठी ती वीस टक्क्यांवर नेण्यात आली. बिल्डरांचा माल खपावा म्हणून जे सुचले, ते राहण्यासाठी पहिले घर घेणाऱ्याकरिता कायमचे का सुचू नये?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या पहिल्या मध्यम किमतीच्या घरावरील सूट उत्पन्नातून वगळावी, आणि रोखीचा व्यवहार झाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी प्राप्तिकर खात्यावर टाकावी. कार्यकर्त्यांनी हा विषय वस्त्यावस्त्यांतून आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून मांडला पाहिजे. उत्पन्न म्हणजे माणसाला मिळालेले धन. जे त्याला द्यावे लागले नाही, त्यावर कर बसविणे हा न्याय नव्हे.