अंड्याला विरोध, पावडरला मान

रायपूरच्या भनपुरीत कारखान्यात दिवसभर ओझी वाहणाऱ्याला कुणी ‘व्यायाम करतो’ म्हणत नाही. ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. भात आणि पातळ वरणावर ती भरून निघत नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. २०१९ मध्ये छत्तीसगड सरकारने शाळेच्या जेवणात अंडी देऊ केली, तर विरोध उसळला. नको त्याला पर्याय होता, तरीही! महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधीच थांबवला. वर म्हणे, लोकवर्गणी काढा. जिममधल्या महागड्या पावडरला मात्र कुणाचा धर्म आडवा येत नाही. आपले आईबाप शाळेच्या बैठकीत मागे बसून गप्प राहिले. आता पालक म्हणून तिथे आपण बसतो. अंड्याचा विषय आपणच काढायचा.