लवकर जिंकले की खपून जाते?

संगणकावरच्या खेळांबद्दल आमच्या पिढीत दोनच मते ऐकू येतात. एक, पोरे वाया चालली. दुसरे, आम्हाला बाई त्यातले काही कळत नाही. मला तिसरे मत मांडायचे आहे, आणि तेही स्वतः खेळून. 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ नातवाने माझ्या लॅपटॉपवर घालून दिला त्याला दोन वर्षे झाली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तो मला पत्त्यांपेक्षा जास्त आवडला यात नवल नाही. "आता ही एकच खेळी" म्हणता म्हणता चारचा चहा सहाला होतो, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. असो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तयार केलेला हा खेळ १९९१ साली आला. त्याची सातवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. मी खेळते ती सहावी, २०१६ सालची. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये आपल्या हाती दोनच गोष्टी असतात: गाव वसवणारा एक जथा (त्याला 'सेटलर' म्हणतात) आणि एक योद्धा. नकाशा काळोखात असतो. बुद्धिबळासारखी आपण एक खेळी करायची, मग इतरांनी. अशा शेकडो खेळ्यांनंतर आपण अवकाशयुगात पोचतो, नाहीतर मध्येच कोणीतरी आपल्याला गिळून टाकतो.

आता मुद्द्याचे. या खेळात पहिल्या काही डझन खेळ्यांतच पुढचे बरेचसे ठरून जाते. प्रत्येक नवा सेटलर आधीच्यापेक्षा महाग पडतो, आणि तो तयार झाला की आपल्या गावची लोकसंख्या एकाने घटते. उलट शेजाऱ्याच्या शहराला अजून तटबंदी नसते. तट नसलेले शहर लांबून मारा करू शकत नाही. तीन तिरंदाज आणि दोन-तीन योद्धे नेले, की शेजाऱ्याची भरलेली, वसलेली राजधानी आपली! त्याचा सेटलर रानात एकटा सापडला, तर तोही आपल्याकडे येतो आणि आपल्यासाठी गाव वसवतो. थांबलात, तर तट उभे राहतात, मग ते फोडायला वेगळी साधने लागतात आणि फायदा आटतो. लवकर घेतलेले शहर चक्रवाढ व्याजासारखे वाढते. म्हणून मुरलेले खेळाडू सांगतात: वसवण्यापेक्षा घेणे स्वस्त, आणि जितके लवकर तितके स्वस्त.

या हिशेबाशी माझे भांडण नाही. खऱ्या इतिहासातही तो अनेकदा बरोबर निघालेला आहे. "अमुक राजाचा साम्राज्यविस्तार थोडक्यात लिहा" हा चार गुणांचा प्रश्न आपण सगळ्यांनी सोडवलेला आहे. विस्तार कोणाच्या जमिनीवर झाला, हे त्यात विचारलेले नसते.

माझे भांडण आहे ते खेळातल्या माफीशी. सहाव्या आवृत्तीच्या मूळ रूपात प्राचीन युगात शेजाऱ्यावर चालून गेलात, तर युद्धखोर म्हणून बट्टा लागतच नाही. जसजशी युगे पुढे सरकतात, तसतसा तो वाढत जातो. म्हणजे तेच कृत्य अगदी आधी केले तर पराक्रम, आणि उशिरा केले तर गुन्हा! २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या पुरवणीत ही पद्धत बदलली आणि गाऱ्हाण्यांची खतावणी आली. ही सुधारणा चांगली. पण ती गाऱ्हाणीसुद्धा शांततेच्या काळात दर खेळीला थोडीथोडी आपोआप ओसरतात. आणखी एक गंमत बघा. नकाशावर छोट्या टोळ्यांची गावे असतात. आपला माणूस तिथे पोचला, की थोडे सोने किंवा एखादी विद्या मिळते आणि ते गाव नकाशावरून नाहीसे होते. तिथली माणसे कुठे गेली, हे खेळ सांगत नाही.

खऱ्या जगात गाऱ्हाणी अशी ओसरतात का? याच खेळाचे उदाहरण घ्या. २०१८ साली 'राइज अँड फॉल' या पुरवणीत कॅनडातल्या क्री लोकांचा नायक पाउंडमेकर खेळात आला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्री समाजाच्या एका प्रमुखाने तेव्हा जाहीर हरकत घेतली. दुसऱ्यांच्या जमिनी जिंकण्याची वसाहतवाल्यांची वृत्ती आमच्या माथी मारू नका, असे त्यांचे म्हणणे होते. या पाउंडमेकरला १८८५ साली कॅनडात राजद्रोहाबद्दल दोषी ठरवले होते. तो कलंक सरकारने पुसला २०१९ साली. म्हणजे १३४ वर्षे त्या लोकांनी ते गाऱ्हाणे जपून ठेवले होते!

आपल्याकडचे उदाहरण अशोकाचे. तोही या खेळात नेता म्हणून आलेला आहे, २००५ च्या चौथ्या आवृत्तीत आणि आता सातव्यातही. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाखांना तिथून हलवले, हा हिशेब त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवला. मात्र खुद्द कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड इथे, हा लेख नाही. तिथे त्याऐवजी प्रजेशी न्यायाने वागा अशी अधिकाऱ्यांना ताकीद देणारे वेगळे लेख आहेत. जिंकलेल्या लोकांसमोर त्या आकड्यांची उजळणी करण्यात अर्थ नाही, हे त्या राजाला कळत असावे, असे मला वाटते. ज्यांची माणसे गेली त्यांना आकडे सांगावे लागत नाहीत.

नातू म्हणतो, "आजी, हा नुसता खेळ आहे गं." खरे आहे. बुद्धिबळात हत्ती मेला म्हणून कोणी सुतक पाळत नाही. पण बुद्धिबळ स्वतःला 'संस्कृती' म्हणवून घेत नाही. ज्याने हे नाव घेतले त्याला प्रश्न विचारले जाणारच.

म्हणून मुलांच्या हातून हा खेळ काढून घ्या, असे मी मुळीच म्हणणार नाही. भूगोल, नद्यांचे महत्त्व, व्यापारी वाटा, शेजार सांभाळणे हे यातून जसे कळते, तसे आमच्या धड्यांतून क्वचितच कळले असेल. फक्त शेजारी बसून त्यांना अधूनमधून विचारा, "ते गाव होते ना इथे, त्याचे काय झाले?" एक गोष्ट मात्र खेळाने छान ठेवली आहे. जिंकलेल्या शहराचे जुने नाव तो आपणहून बदलत नाही. आपण मुद्दाम बदलले नाही, तर शेवटच्या खेळीपर्यंत ते नाव आपल्या राज्याच्या मधोमध तसेच राहते. मी ते कधी बदलत नाही. तुम्ही खेळत असाल, तर तुम्ही काय करता ते जरूर कळवा.