दोन आठवडे यकृतासाठी

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला आलेल्या रुग्णाला पहिल्याच भेटीत "आधी दहा किलो उतरवून दाखवा, मग तारीख देऊ" असं सांगायची पद्धत आपल्याकडे अजून सुटलेली नाही. कुठे सर्जन सांगतात, कुठे फिजिशियन, आणि पुष्कळ ठिकाणी हे वाक्य आहारतज्ज्ञाच्या तोंडी घातलं जातं. दहाच का, सहा किंवा पंधरा का नाहीत, हे कोणी सांगत नाही. किती दिवसांत, तेही कागदावर लिहिलेलं नसतं. रुग्ण मान डोलावतो, तक्ता घडी घालून पिशवीत ठेवतो, आणि बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत. जे धीट असतात ते तिथल्या तिथे विचारतात, "मॅडम, दहा किलो उतरवता आले असते तर तुमच्या दारात कशाला आले असते?" या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी टाळून चालणार नाही. प्रश्न उद्धट नाही, चोख आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी वजन उतरवण्याच्या नावाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. एक आहे शेवटच्या दोन आठवड्यांचा अतिकमी उष्मांकांचा आहार. त्याला शरीरशास्त्राचा पक्का आधार आहे. दुसरी आहे रुग्णाच्या निग्रहाची परीक्षा. तिला आधार फारच तोकडा आहे. पहिली आपण ढिसाळपणे करतो आणि दुसरी कडकपणे, ही आमची तक्रार आहे.

पहिलीपासून सुरुवात करू. दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनला जठराचा वरचा टोकाचा भाग स्वच्छ दिसावा लागतो: अन्ननलिका जठराला मिळते ती जागा, तिच्या डावीकडचा हिसचा कोन, प्लीहेकडे जाणाऱ्या आखूड रक्तवाहिन्या. या सगळ्यावर यकृताचा डावा खंड पसरलेला असतो आणि ऑपरेशनभर तो रिट्रॅक्टरने उचलून धरावा लागतो. निरोगी यकृताची कड पातळ असते, ते सहज उचललं जातं. चरबीने भरलेलं यकृत जड, बोथट कडेचं आणि ठिसूळ असतं. उचलताना चिरतं, रक्त झिरपायला लागतं, आणि जिथे सर्वांत नीट दिसायला हवं तिथेच दिसेनासं होतं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत टाक्यांच्या रेषेतून गळती होते ती बहुतेक वेळा याच वरच्या कोपऱ्यात, हे लक्षात घेतलं की सर्जन यकृताबद्दल इतके हळवे का असतात ते कळतं. आपल्यापैकी ज्यांनी एकदाही शस्त्रक्रियागृहात उभं राहून हे पाहिलेलं नाही, त्यांनी सर्जनला विचारून एकदा जरूर पाहावं. तक्ता लिहिण्याची पद्धत बदलते.

दोन आठवड्यांच्या आहाराने हे यकृत आक्रसतं कसं? पिष्टमय पदार्थ तोडले की आधी ग्लायकोजेनचा साठा संपतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. पाठोपाठ यकृतातली चरबी जळू लागते. मेलबर्नमध्ये ३२ रुग्णांना १२ आठवडे असा आहार देऊन स्कॅनवर मोजमाप केलं गेलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात यकृताचं आकारमान सरासरी १९ टक्क्यांच्या आसपास घटलं, आणि त्यातली ८० टक्के घट पहिल्या २ आठवड्यांतच झाली होती. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये मधुमेहींना रोज ६०० किलोकॅलरींवर ठेवलं, तेव्हा एका आठवड्यात यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी उतरली. म्हणजे दोन आठवड्यांत रुग्ण तीन किलोंनी उतरला की सहा, याला फार महत्त्व नाही. वजनकाट्यावरचा आकडा इथे साक्षीदार म्हणूनही कच्चाच आहे, कारण पहिल्या काही दिवसांत उतरतं त्यात पाणीच बरंच असतं.

बीएमआय फार नाही म्हणून हा आहार टाळणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम आठवावं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच आकडेवारी छापली होती. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही आत चरबी बाळगतं. तेव्हा बीएमआय ३३ आहे म्हणजे यकृत हलकंच असेल, असं धरून चालू नये.

आता दुसरी गोष्ट, परीक्षेची. युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून सुमारे ३०० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. बायपासपूर्वी २ आठवडे अतिकमी उष्मांकांचा आहार घेतलेल्या गटात ऑपरेशनचा वेळ काही कमी झाला नाही. पण सर्जनना काम सोपं वाटलं, आणि पहिल्या ३० दिवसांतल्या गुंतागुंती १८ च्या जागी ८ झाल्या. कॅलिफोर्नियातल्या १०० रुग्णांच्या २००७ च्या चाचणीत अट होती १० टक्के वजन उतरवण्याची. तिथे ऑपरेशनचा वेळ वाचला, गुंतागुंती मात्र तेवढ्याच राहिल्या. महिनोन्‌महिने आहारावर ठेवून, अपेक्षित आकडा गाठला तरच ऑपरेशन, या धोरणाच्या बाजूने याहून भक्कम काही मिळत नाही. अमेरिकेत विमा कंपन्या हीच अट घालत. तिथल्या बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या संघटनेने, एएसएमबीएसने, २०१६ च्या निवेदनात ती मनमानी आणि अशास्त्रीय ठरवून सोडून द्यावी असं स्पष्ट म्हटलं. अशा अटीपायी ज्यांना गरज आहे तेच रुग्ण गळतात आणि त्यांचे आजार पुढे सरकतात.

आपल्याकडे विम्याची अडचण उलट बाजूने येते. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमावलीत बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी बीएमआय ४० किंवा अधिक हवा. अथवा ३५ किंवा अधिक असून जोडीला अनियंत्रित टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्नियासारखा ठरावीक गंभीर आजार हवा. शिवाय कमी त्रासाचे उपाय करूनही यश आलेलं नाही, हे दिसायला हवं. म्हणजे रुग्णाने विमा कंपनीला 'मी नापास झालो' हे दाखवायचं आणि सर्जनला 'मी पास झालो' हे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या, ९८ किलो वजनाच्या बाईंचा बीएमआय ४०.८ येतो. आपल्या तक्त्यावर त्यांनी पाच किलो उतरवले की तो ३८.७ होतो. मग त्या चोरून खातात, आणि आपण 'सहकार्य नाही' असा शेरा मारतो! यावर उपाय साधा आहे: पहिल्या भेटीतलं वजन आणि उंची स्वतः मोजून, तारीख-सहीनिशी केसपेपरवर लिहायची, आधी केलेले आहार-व्यायामाचे प्रयत्न सालवार नोंदवायचे, आणि पूर्वतयारीचा आहार ही शस्त्रक्रियेच्या प्रोटोकॉलचीच पायरी आहे हे त्याच कागदावर स्पष्ट लिहायचं. ओबेसिटी अँड मेटाबॉलिक सर्जरी सोसायटी ऑफ इंडियाचे निकष ३७.५ आणि ३२.५ आहेत, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आशियाई लोकांसाठी २७.५ पर्यंत खाली आल्या आहेत आणि विम्याचा आकडा आहे तिथेच आहे. ते बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपली नोंद हाच रुग्णाचा आधार.

आणि आता आपल्या घरची गोष्ट: तक्ता. राज्यातल्या कितीतरी रुग्णालयांत 'प्री-ऑप लिक्विड डाएट' म्हणून जो कागद हातात पडतो तो झेरॉक्सची झेरॉक्स असतो. सकाळी कपभर दूध, अकराला शहाळं, दुपारी दोन वाट्या वरणाचं पाणी आणि ताक, चारला मोसंबीचा रस, रात्री भाज्यांचं सूप, झोपताना पुन्हा दूध. याची प्रथिनं मांडून पाहा. दोन कप दुधाची १३ ग्रॅम, वरणाच्या पाण्याची फार तर ४, पातळ ताकाची ३-४, सुपाची २-३, बाकी शहाळं आणि रस मिळून जेमतेम दीड. २५ ग्रॅमही धड होत नाहीत, आणि रसातून साखर मात्र वीस-पंचवीस ग्रॅम. यात स्नायूही झिजतात, आणि अशक्त झालेला रुग्ण ऑपरेशन टेबलावर जातो. द्रवरूप असणं हा या आहाराचा मुद्दाच नाही. पिष्ट कमी आणि प्रथिनं पुरेशी, हा आहे.

८०० किलोकॅलरींच्या आसपास राहून ७० ग्रॅम प्रथिनं शाकाहारातही बसतात. पाण्यातला व्हे दोन वेळा, स्किम दुधाच्या दोन वाट्या दह्याचं ताक, ५० ग्रॅम कमी स्निग्धांशाचं पनीर, ३० ग्रॅम मुगाच्या डाळीचं दाट वरण (पाणी नव्हे), काकडी, दुधी, पालेभाजी, चमचाभर तेल. व्हेचा डबा परवडत नसेल तिथे अंड्यातलं पांढरं किंवा सोया चंक्स. वाळलेल्या ३० ग्रॅम चंक्समध्ये १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि ते तालुक्याच्या किराणा दुकानातही असतात. जैन रुग्णांसाठी सूर्यास्ताआधी सगळे हप्ते बसवावे लागतात, आणि तयार सुपाच्या पाकिटात कांदा-लसूण आहे का ते पाहावं लागतं. हे आधी विचारलं नाही तर रुग्ण आपल्यासमोर हो म्हणतो आणि घरी जाऊन नुसत्या दुधावर राहतो.

उपवासाबद्दल थोडं सविस्तर. "मला उपवासाची सवय आहे, दोन आठवडे काय, सहज काढीन," असं सांगणाऱ्या रुग्णावर आपण पटकन खूश होतो. पण आपला उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. १०० ग्रॅममागे ३५० किलोकॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाही. एकादशी त्या पंधरवड्यात हमखास येणार, कधी संकष्टीही, श्रावण किंवा नवरात्र असेल तर बघायलाच नको. बशीभर खिचडीने रिकामा होत आलेला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरू लागतो, आणि रुग्णाच्या मनात अपराधी भावनाही नसते, कारण त्याने व्रत पाळलेलं असतं. तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर उघडून बसावं. उपवासाला दूध, ताक, पनीर, दुधापासूनचा साधा व्हे चालतो, हे सासूबाईंसमोर सांगावं. घरातल्या पुढच्या वादाचं मूळ तिथेच तुटतं.

आहार सुरू होण्याआधीच्या आठवड्यात 'आता पुन्हा कधी मिळणार' म्हणून मिसळ, श्रीखंड, बिर्याणी असं सगळं उरकून घेणारेही असतात. रागावून उपयोग नसतो. आधीच बोललं तर बरंचसं टळतं. भूक मारायला मिश्री किंवा तंबाखू वाढली आहे का, हेही याच वेळी विचारावं, बायकांना तर आवर्जून.

सर्वांत धोक्याची जागा मात्र स्वयंपाकघरात नाही, औषधांच्या पुडीत आहे. तक्ता आपण देतो, गोळ्या फिजिशियनच्या असतात आणि मध्ये कोणी बोलत नाही. ग्लिमेपिराइड आणि इन्शुलिन त्याच मात्रेत चालू राहिलं तर साखर घसरणारच. त्याहून फसवी आहेत डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन. पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली आहेत आणि छोट्या गावांतल्या चिठ्ठीवरही सर्रास दिसतात. पिष्ट तोडलेल्या आहारात ती चालू ठेवली तर रक्तातली साखर फार न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, पोटात दुखणं, धाप, आणि ग्लुकोमीटरवर १७०-१८०. घरचे म्हणतात डाएट झेपत नाही, फोनवर आपणही तेच म्हणतो. शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी ही औषधं थांबवायची असतात. आहार दोन आठवड्यांचा असेल तर आहार सुरू होतानाच फिजिशियनशी बोलून निर्णय व्हायला हवा. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांनी या काळात चक्कर येऊ शकते. वॉरफरिनवर असलेल्यांचा आयएनआर बिघडू शकतो. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना ते आधी कळलंच पाहिजे, कारण उपाशी पोटीही जठरात अन्न उरलेलं असू शकतं. आपल्या तक्त्याच्या पाठीमागे औषधांची यादी आणि फिजिशियनची सही नसेल, तर तो तक्ता देऊच नये, असं आमचं मत आहे.

खरोखर काही महिने वजन उतरवायला सांगावं असे रुग्णही असतात. बीएमआय ६० च्या पुढचे, भूल देणंच जोखमीचं असलेले, तीव्र स्लीप अॅप्नियाचे. त्यांच्यासाठी जठरातला फुगा आहे, इंजेक्शनं आहेत, दोन टप्प्यांतली शस्त्रक्रिया आहे. आजची सर्वांत जास्त होणारी स्लीव्हही अशाच अतिस्थूल रुग्णांसाठी मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा म्हणून पुढे आली. पण तो निर्णय भूलतज्ज्ञ आणि सर्जन जोखीम मोजून घेतात. बाकीच्यांनी दोन आठवडे नीट केले आणि काट्यावर दीडच किलो दिसला, तर तारीख पुढे ढकलण्याचं कारण नाही. तक्ता पाळला गेला नसेल तर आधी तक्ता तपासावा, मग रुग्ण.

या अंकाच्या मधल्या पानांवर १४ दिवसांचे तीन नमुना तक्ते दिले आहेत: शाकाहारी, जैन आणि अंडी-मासे खाणाऱ्यांसाठी. प्रत्येकाच्या पाठीमागे औषधांची चौकट आणि पहिल्या भेटीतल्या वजन-उंचीची जागा आहे. 'अपेक्षित वजन' ही चौकट मुद्दाम ठेवलेली नाही. कोकणासाठीचे माशांचे पर्याय रत्नागिरीच्या वाचकांनी तपासून द्यावेत. सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडच्या वाचकांना एक वेगळी विनंती आहे. शेतात राबणाऱ्या माणसाची भाकरी चौदा दिवस बंद करताना त्याला त्या जागी दुपारी नेमकं काय हातात द्यायचं, हे आमच्या तक्त्यात अजून नीट जमलेलं नाही. तुम्ही काय देता, ते कळवा.