देवाच्या दारातील नोकरी

आमच्या थळमध्ये कारखान्यातील नोकरी सुटली, की माणूस देवापाशी जाऊन मन मोकळे करतो. नोकरी देवाच्याच दारातील असली आणि तीच गेली, तर त्याने कोठे जावे? चर्चमधील लेखनिक, वादक, राखणदार यांची अडचण नेमकी हीच असते. ज्या बाकावर शांती शोधायची, त्याच्या शेजारच्या बाकावर निर्णय घेणारे बसलेले असतात. देवळातील गुरवाचे दुःखही याहून फारसे निराळे नसते.

कोकणातच जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली. ख्रिस्तभक्ती सोडली नाही. अर्थात त्यांनी ती स्वेच्छेने सोडली. काढले गेल्याचा डंख वेगळा. तरीही पगार आणि श्रद्धा यांची गाठ सोडवता येते, एवढे त्यांच्याकडे पाहून समजते.

आपल्या घरात अशी ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर काही आठवडे तिला शेजारच्या गावी उपासनेस घेऊन जा. ‘देवाची इच्छा’ म्हणून तिचा राग दडपू नका. घरात बोलू द्या. राहिलेला पगार आणि अनुभवाचे पत्र लेखी मागण्यात अश्रद्धा नाही. खर्चाच्या धास्तीने रक्तदाबाच्या गोळ्या गुपचूप बंद होतात, हे मी वारंवार पाहतो. म्हणून गोळ्यांच्या डबीकडे लक्ष असू द्या. झोप, भूक वा बोलणे दोन आठवड्यांनंतरही पूर्ववत न झाल्यास डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक रात्रीही चालू असतो.