दहावा माणूस

सहकारी गृहनिर्माण संस्था असो, गावची विकास सोसायटी असो की एखादे वाचनालय, वार्षिक सर्वसाधारण सभेचा एक ठरीव विधी आपल्या सर्वांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सभेची वेळ दहाची असते. साडेदहापर्यंत पाच-सात डोकी जमतात. मग अध्यक्ष गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाल्याचे जाहीर करतात, मंडळी चहा घेतात आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच पाच-सात जणांत सभा पुन्हा सुरू होते. तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही, हे सूचनापत्रात आधीच छापलेले असते. म्हणजे कोणी येणार नाही हे गृहीत धरूनच आपण निमंत्रण पाठवतो! वर्गणी मात्र बहुतेकांनी भरलेली असते. पैसे दिले, आता आणखी काय करायचे, असा एकूण भाव असतो.

आपल्याच महाराष्ट्रात, आपलीच मराठी बोलणारा एक लहानसा समाज असा आहे, की ज्याच्या धर्मनियमात ही पळवाट नाही. बेने इस्रायल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठी ज्यूंचा हा समाज. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. या दहांच्या गणपूर्तीला 'मिन्यान' म्हणतात. नऊ जण आले आणि दहावा आला नाही, तर प्रत्येकाने आपापली प्रार्थना म्हणावी. पण पवित्र तोराची गुंडाळी पेटीतून काढून तिचे जाहीर वाचन होत नाही आणि मृतांसाठी म्हणायची 'कद्दिश' ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. नऊ जण कितीही विद्वान असोत वा धनवान असोत, त्याने काही फरक पडत नाही. दहाव्याची जागा देणगीने भरून निघत नाही.

या नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ज्याचे वडील नुकतेच वारले आहेत अशा मुलाला त्यांच्यासाठी कद्दिश म्हणायची असते. ती तो एकट्याने घरी बसून म्हणू शकत नाही. त्याच्या दुःखाला आणखी नऊ माणसांची हजेरी लागते. तेव्हा शेजारच्या गल्लीतला कोणी सकाळी अंथरुणातून उठून सिनेगॉगमध्ये गेला नाही, तर त्याचा आळस हा केवळ त्याचा खासगी प्रश्न उरत नाही. दुसऱ्या कोणाचे तरी पितृकार्य त्यापायी अडते. समाजकार्य म्हणजे फावल्या वेळेतला परोपकार, अशी जी आपली समजूत आहे, तिच्यापेक्षा ही कल्पना कितीतरी वेगळी आहे.

नगरकडच्या वाचकाला या समाजाची ओळख बहुधा पुण्याच्या लाल देवळामुळे झालेली असते. नगरहून पुण्याला गेलेल्या माणसाने लष्कर भागातली ती उंच मनोऱ्याची लाल विटांची इमारत पाहिलेली असते. ते 'ओहेल डेव्हिड' सिनेगॉग बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी उभारायला घेतले आणि १८६७ मध्ये ते पुरे झाले. ससून स्वतः १८६४ मध्येच वारले; त्यांची कबर त्याच आवारात आहे. मात्र ससून आणि त्यांचे बगदादी आप्त हे व्यापारानिमित्त येथे आलेले. बेने इस्रायल त्यांच्या कितीतरी आधीचे आणि पक्के मराठी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या काही जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. गावावरून आडनावे पडली. केहिमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर. बायका नऊवारी नेसत, सणांना 'शिळा सण', 'खिरीचा सण' अशी मराठी नावे होती, आणि सिनेगॉगला ही मंडळी सरळ 'मशीद' म्हणत.

शतकानुशतके या समाजाला रब्बी, म्हणजे शिकलेला धर्मगुरू, नव्हताच. पोथ्या नव्हत्या, हिब्रूही जवळजवळ विसरलेले. शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर त्यांनी आपला धर्म टिकवला. धर्मगुरू नाही म्हटल्यावर सगळी कामे घरच्याच माणसांवर आली. पुढे सिनेगॉग बांधली गेली तेव्हाही हीच रीत कायम राहिली. सिनेगॉगचा प्रमुख तो मुकादम, त्याच्या जोडीला चौगुला. खोत-पाटलांच्या गावगाड्यातलेच हे शब्द. प्रार्थना सांगणारा हज्जान सोडला, तर दिवाबत्तीपासून दफनभूमीच्या कुंपणापर्यंत आणि मयताला अंघोळ घालण्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सारे काही समाजातल्या माणसांनी वाटून घ्यायचे. एलियाहू पैगंबराच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीला पोहे भिजवणे, नारळ खवणे, साखर, बदाम-पिस्ते घालून ताट सजवणे, हे काम एकट्या यजमानीणबाईचे कधीच नसते. आजूबाजूच्या चार घरच्या बायका आल्याशिवाय ते ताट पुरे होत नाही.

मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधले गेले, तेही एका व्यक्तीच्या पुढाकारातून. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या लढाईत कैद झाले आणि सुटून आल्यावर कृतज्ञतेपोटी त्यांनी मांडवी भागात ते उभारले, असे सांगितले जाते. ती 'जुनी मशीद'. पुढे अलिबागला १८४८ मध्ये, पनवेलला १८४९ मध्ये, ठाण्याला १८७९ मध्ये सिनेगॉग झाली. पण इमारती उभ्या राहिल्या म्हणजे समाज उभा राहिला असे नव्हे, हे त्या काळच्या जाणत्यांनी ओळखले होते. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. वल्हांडणाच्या सणाला घराघरांत वाचली जाणारी 'हग्गादा' मराठी भाषांतरासह १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली, ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. आणि हिंदू कीर्तनकारांचे पाहून या मंडळींनी १८८०च्या सुमारास स्वतःची कीर्तनमंडळीही काढली! अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने ओवी, साकी, दिंडीत गायली जाऊ लागली. हिब्रू न येणाऱ्या आजीबाईंना आपला धर्म कळला तो या कीर्तनांतून.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. दहांची मोजणी परंपरेने पुरुषांचीच. घर, सण, स्वयंपाक ज्यांच्या खांद्यावर, त्या स्त्रिया मात्र सज्जात बसणार आणि मोजणीत नसणार. स्त्रियांनी याला आपल्या परीने उत्तर दिले. १९१३ मध्ये मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झाले. रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून जवळजवळ तीन दशके इस्रायली शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. लंडनहून एम. डी. होऊन आलेल्या आणि पुढे कामा इस्पितळाच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये 'ज्युईश रिलिजस युनियन' या सुधारणावादी मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जगातल्या अनेक सुधारणावादी ज्यू मंडळ्यांनी आता स्त्रियांनाही दहांत धरले आहे.

दुसरा दोष आपल्या मातीतला. बेने इस्रायलांमध्ये 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि दोघांत रोटीबेटी व्यवहार होत नसे. हाडामासाचा माणूस दारात उभा असताना तो आपल्यातला की परका याची चौकशी करणे, ही खोड जातिव्यवस्थेच्या शेजारात राहून त्यांनाही लागली. काळाच्या ओघात तो भेद पुसट होत गेला. पण जो समाज माणसे मोजतो, त्याने कोणाला मोजायचे नाही हेही ठरवलेले असते, ही गोष्ट कुठल्याही मंडळाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वीस-पंचवीस हजार ज्यू होते, त्यांतले बहुसंख्य बेने इस्रायल. १९४८ मध्ये इस्रायलचे राष्ट्र जन्माला आले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत घरेच्या घरे तिकडे गेली. आज देशात सगळे मिळून चार-पाच हजार ज्यू उरले असतील. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. येथे कोणी त्यांना हाकलले नव्हते, कोणी छळले नव्हते, हे आपल्याला अभिमानाने सांगता येते. पण गेलेली माणसे गेलीच. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे, दिवे आहेत, तोरा आहे, पण माणसे मोजकीच. कोकणातल्या अशा जागी दहावा माणूस मिळवण्यासाठी सणावारी मुंबई-ठाण्याहून माणसे येण्याची वाट पाहावी लागते. बरीच कुटुंबे ठाण्याकडे सरकल्याने तेथील सिनेगॉग तेवढे गजबजलेले असते. कदूरी शाळेत आज शिकणारी बहुसंख्य मुले मुसलमानांची आहेत. ज्यांनी ती स्वतःच्या मुलांसाठी काढली, त्यांनी ती शेजाऱ्यांच्या मुलांसाठी चालू ठेवली, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि जे गेले त्यांचे काय झाले? तिकडेही त्यांना एकमेकांची गरज लागली. १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमधल्या काही धर्माधिकाऱ्यांनी या भारतीय मंडळींच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली आणि लग्नाच्या वेळी वंशावळ तपासण्याची अट घातली. तेव्हा हे मराठी भाषक लोक संघटित झाले, निदर्शनाला बसले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. पुढे तेथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले, महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला. मलिद्याचे ताट लोद, अश्दोद, दिमोना या गावांतही सजते. ज्यांनी येथे असताना एकत्र येण्याची सवय लावून घेतली होती, त्यांना ती परक्या भूमीत उपयोगी पडली.

नगर जिल्ह्याला हे सारे सांगण्याचे कारण आहे. या जिल्ह्यात ज्यूंची वस्ती नावापुरतीही दिसत नाही; पण माणसांच्या हजेरीने काय घडते, हे महाराष्ट्राला याच जिल्ह्याने दाखवून दिले. राळेगणसिद्धीचे आणि हिवरे बाजारचे पाणी केवळ सरकारी योजनांनी अडले नाही. घरटी माणूस कुदळ-फावडे घेऊन श्रमदानाला आला, म्हणून ते अडले. श्रमदानाच्या ऐवजी पैसे घ्या, असे म्हणण्याची सोय तिथे ठेवली असती तर ते बंधारे कंत्राटदाराचे झाले असते. नगरच्या जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ची. एवढ्या जुन्या संस्था टिकतात त्या पिढ्यानुपिढ्या कोणीतरी संध्याकाळी येऊन दार उघडत राहिल्यामुळे.

आज आपल्याकडे वर्गणी वाढली आहे आणि हजेरी घटली आहे. गणेशोत्सवाचा मांडव कंत्राटाने उभा राहतो, आरतीचा आवाज ध्वनिफितीतून येतो, महाप्रसाद आचारी रांधतो. कार्यकर्त्यांच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या असतात. पण गल्लीतल्या वृद्ध जोडप्याच्या घरी मयत झाले तर खांदा द्यायला चार माणसे जमवताना फोन फिरवावे लागतात. मोबाइलवरच्या गटात श्रद्धांजलीचे शंभर संदेश येतात, त्या शंभरांतले स्मशानात किती, हे मोजून पाहावे. शहरातल्या सोसायट्यांमध्ये आणि आता तालुक्याच्या गावीही हेच चित्र आहे. ज्यांना वेळ नाही त्यांना दोष देऊन भागणार नाही, कारण नोकऱ्यांच्या वेळा आणि प्रवासाची अंतरे खरोखरच वाढली आहेत. पण माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, या समजुतीने जेवढी माणसे घरी बसली आहेत, तेवढी कामाच्या व्यापाने बसलेली नाहीत.

म्हणून मंडळांनी, संस्थांनी एक साधी सुधारणा करून पाहावी. प्रत्येक सभासदाकडून वर्गणीबरोबर वर्षातले चार दिवस मागून घ्यावेत, आणि ते कोणत्या कामासाठी हे आधीच लिहून द्यावे. एकाने वाचनालयाची रविवारची पाळी सांभाळावी, दुसऱ्याने आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात न्यावे, तिसरीने दहावीच्या मुलांचे गणित घ्यावे. काम नेमके असले आणि आपले नाव त्यापुढे असले, की माणूस येतो, असा अनुभव आहे. बायकांना आणि तरुण मुलामुलींना केवळ राबवून न घेता निर्णयाच्या मोजणीतही धरावे. आणि गल्लीत नव्याने राहायला आलेल्या घराचे आडनाव विचारण्याआधी त्याला एखादे काम सांगावे. हक्काने काम सांगितले की माणूस लवकर आपला होतो.

पुण्याला गेलात तर कधी मुलांना लाल देवळापर्यंत घेऊन जा. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर अशा ठिकाणी बंदोबस्त असतो, तेव्हा आधी परवानगी घ्यावी आणि आत डोके झाकावे. तिथल्या बाकांवर किती माणसे बसू शकतात ते मुलांना मोजायला सांगा, आणि प्रार्थना सुरू व्हायला किती लागतात तेही सांगा. घरी परतल्यावर सोसायटीच्या पुढच्या सभेची सूचना आली, तर ती बाजूला न टाकता दिलेल्या वेळेला पाच मिनिटे आधी जाऊन बसा. कदाचित गणपूर्तीला नेमके तुम्हीच कमी पडत असाल.