देवराष्ट्र्याची यमुना

मुलांनो, सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे तुम्हाला यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून ठाऊक असेल. त्यांच्याही आधी, २५ जानेवारी १८६२ रोजी, याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. नाव यमुना. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं.

१८७३ साली यमुनेचं लग्न झालं. वय वर्षं अकरा! म्हणजे तुमच्यातली पाचवी-सहावीतली मुलगीच की. नवरा महादेव गोविंद रानडे, पुढे न्यायमूर्ती म्हणून गाजलेले. सासरी ती रमाबाई झाली. माहेरी तिला अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतःच तिला शिकवायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. नवऱ्याचा हट्ट, बायकोनं शिकावं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच पसंत नव्हतं. एकाचं ऐकावं तर दुसरं रुसणार! सून म्हणून घरकाम तर चुकत नव्हतंच. रमाबाईंनी काय केलं? कामं केली, टोमणे सोसले, उलट उत्तर दिलं नाही. पण हातातलं पुस्तक काही सोडलं नाही. मराठीनंतर इंग्रजीही शिकल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या सभांना गेल्या. घरी पुन्हा बोलणी!

मग त्या बोलणाऱ्या बायका दुष्ट होत्या का? तसं नाही हं. त्यांना कुणी पाटी दिलीच नव्हती. बायकांनी शिकू नये, हेच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

१९०१ साली रानडे वारले. शिकवणारा गेला, पण शिकण्याची आवड आता रमाबाईंची स्वतःची झाली होती. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं, त्याची धुरा त्यांनी वाहिली. शिकायचं राहून गेलेल्या बायका, विधवा तिथे शिकू लागल्या. कुणी शिक्षिका झाली, कुणी परिचारिका. १९१० साली ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे रमाबाईंचं पुस्तक निघालं. अक्षरओळख नसलेली मुलगी लेखिका झाली!

आज रात्री जेवणं झाली की आईला, आजीला विचारा : “तुला काय शिकायचं होतं? ते का राहिलं?” त्या सांगत असताना ताटं मात्र तुम्ही उचला. मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा! आणि बाबा, तुम्हीही ऐकायला बसा बरं का. कदाचित अजून उशीर झालेला नसेल.