ज्याची कबर नाही, त्याच्यासाठी एक मेणबत्ती



२ नोव्हेंबरला आपण कबरस्थानात जातो. कबर साफ करतो, फुले वाहतो, मेणबत्ती लावून प्रार्थना करतो. आपले माणूस कुठे विसावले आहे हे ठाऊक असणे हेसुद्धा एक सांत्वन असते. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांचा आज विचार करू या.

आम्ही बेळगावकर मराठा लाइट इन्फंट्रीच्या शेजारी राहतो. याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बरोबरचे सारे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, उरलेल्यांशी बंदुकीच्या दस्त्याने झुंजले आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; कबर मात्र नाही. कसिनो येथील स्मारकावर, कबर नसलेल्या हजारो सैनिकांच्या नावांत त्यांचे नाव कोरलेले आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, ‘ते ख्रिस्ती नव्हते, मग मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना चालते का?’ चालते. प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तसभा आपल्या मृतांबरोबर जगातल्या सर्व मृतांना देवाच्या दयेवर सोपवते. ती दया आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीत मावणारी नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. मित्रांसाठी प्राण देण्याविषयी प्रभू येशू जे बोलला (योहान १५:१३), ते आपण प्रत्येक शहीद जवानाच्या फोटोखाली सहज लिहून टाकतो. पण प्रभूने प्राण दिला तो कुणाचाही प्राण न घेता. त्या मशीनगनमागेही कुणाची तरी मुलेच होती. असे म्हटल्याने घाडग्यांच्या शौर्याला उणेपणा येत नाही. वीराला मान द्यावा, आणि युद्धाला पवित्र म्हणू नये, एवढेच आमचे सांगणे. नुसता जयजयकार करून आपण घरी गेलो, तर स्मरण अर्धेच राहते. शत्रूसाठी प्रार्थना करा ही प्रभूची आज्ञा उरतेच.

म्हणून आमची एक विनंती आहे. या नोव्हेंबरात विश्वासूंच्या प्रार्थनांमध्ये एक विनवणी वाढवू या: परदेशी भूमीवर पडलेल्या, कबर नसलेल्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या हातून मेलेल्यांसाठी. कबरस्थानातल्या मोठ्या क्रुसापाशी एक जादा मेणबत्ती लावू या. मुलांनी विचारले, ‘ही कुणाची?’ तर त्यांना सांगू या.

हे प्रभो, ज्यांची जागा आम्हांला ठाऊक नाही ती तुला ठाऊक आहे. त्यांना तुझ्यापाशी विसावा दे. आमेन.